बोअरचं पाणी आणि मायची डाळ

डाळ शिजली नाही म्हणून बाईची अब्रू जाते, असं कुणाला सांगितलं तर हसतील. हसू देत. चाळीस पोरी रांगेत बसून ताटं वाजवताहेत आणि दोन तास उकळलेली तुरीची डाळ दाताखाली कचकच करतेय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला ते कळायचं नाही. लातूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मायवर हा प्रसंग आला, आणि तोही एकदा नाही, रोज. मुदखेडजवळच्या आमच्या गावात लग्नाकार्यातल्या वरणाला मायलाच बोलवायचे. ‘वरण करावं तर पारूनं’ असं गाव म्हणायचं. ती पारू लातूरच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली आणि पहिल्याच दिवशी तिच्या वरणात वर पाणी नि खाली दाणे असे वेगवेगळे होऊन बसले. निलंग्याकडची महानंदा नावाची एक दांडगी पोरगी होती. तिनं वाटीत बोट बुडवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “मावशी, हे वरण हाय का हात धुवायला दिलंय?” पोरी खो खो हसल्या. मायही हसली. पण मागच्या खोलीत आल्यावर ती भिंतीला टेकून बसली ती कितीतरी वेळ उठलीच नाही.

वडील गेल्यानंतर चुलत्यांनी काय केलं, आम्ही गाव कसं सोडलं, ते मी इथं उगाळत नाही. आम्ही दोघीच उरलो होतो, माय आणि नववीतली मी, एवढं समजलं तरी पुरे. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी मायला ठेवून घेताना स्पष्ट सांगितलं होतं, “तीन महिने बघते. जमलं तर कायम करायला संस्थेला लिहीन. नाही जमलं तर खोली रिकामी करावी लागेल.” स्वयंपाकघराच्या मागची पत्र्याची खोली, एक दिवा, एक खिडकी, एवढंच आमचं घर होतं. ते राहणार की जाणार, हे आता डाळीवर येऊन ठेपलं होतं. माझी शाळाही तिथून दहा मिनिटांवर होती. खोली गेली असती तर शाळा गेलीच, कारण मग जायचं कुठं, याचं उत्तर आमच्याकडं नव्हतं.

दोष पाण्याचा होता, पण ते कळायला महिना गेला. अंगणात बोअर होता. त्याचं पाणी दिसायला असं स्वच्छ की तळाचा पैसा दिसावा. पण महाद्वाड. साबण लावला की फेस यायच्या ऐवजी तो फाटायचा, बादलीवर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगायच्या. केस धुतले की चिकट व्हायचे, फणी अडकायची. चहावर तवंग यायचा. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरायचा, आज बोटानं पुसता येईल असा, आठ दिवसांनी खडूसारखा, महिन्यानं दगड. त्याला तिकडं ‘खार’ म्हणतात. असं खार धरलेलं पातेलं चुलीवर चढवलं की उकळी यायच्या आधी आतून टक्‌ टक्‌ असा आवाज यायचा. कुणीतरी आत बसून दार वाजवतंय असं मला वाटायचं. आजही गिझर लावल्यावर तसा आवाज आला की मी ओळखते, कॉइलला खार धरलाय. मिस्त्री येतो तेव्हा त्याला मीच आधी सांगते. तो म्हणतो, “आजी, तुम्हाला कसं कळलं?” आता त्याला काय सांगू?

तिथली माणसं म्हणाली, डाळीत सोडा टाका. मायनं टाकला. डाळ शिजली, पण तिची रया गेली, पिवळी जर्द डाळ मळकट दिसायला लागली आणि तिला साबणासारखी चव आली. आठ दिवसांत अर्ध्या पोरी पोट धरून बसल्या. महानंदानं जेवायच्या खोलीत ढेकराचा असा आवाज काढला की रेक्टरबाई कार्यालयातून उठून आल्या. त्या म्हणाल्या, “पारूबाई, उद्यापासून सोडा बंद. आणि डाळ कच्चीही चालणार नाही.” माय म्हणाली, “हाव बाई.” दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी भाकरी थापताना ती स्वतःशीच पुटपुटत होती, “हात त्योच हाय, डाळ तीच हाय, मग ह्या गावचं काय बिनसलंय माझ्यावर?” मला तिच्या पुटपुटण्याचा राग यायचा. वाटायचं, हिनं एकदा जोरात भांडावं कुणाशी तरी. पण भांडणार कुणाशी, बोअरशी?

मग एक दिवस लाइट गेली. बोअरची मोटर बंद. आदल्या दिवशी सांजच्याला अंगोळीसाठी उकळलेलं पाणी मोठ्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात तसंच राहिलं होतं, कारण पोरी गावात कसल्याशा कार्यक्रमाला जाऊन आल्या आणि तशाच झोपल्या. सकाळी दुसरं पाणीच नाही म्हणून मायनं वरवरचं, निवळलेलं पाणी फडक्यातून गाळून डाळीला घेतलं. तळाशी पांढरा गाळ बसला होता, तो हलू दिला नाही. अर्ध्या तासानं झाकण काढलं आणि माय मला हाक मारायला लागली. हाक कसली, आरोळीच. “ये पोरी, हिकडं ये, बघ गं बघ!” डाळ फुलली होती. डावानं नुसती दाबली तरी लोणी. मायनं ती माझ्या तळहातावर घातली, मी चाटली, आणि आम्ही दोघी चुलीपुढं उभ्या राहून वेड्यासारख्या हसत सुटलो. पुढं शाळेत शास्त्राच्या बाईंनी सांगितलं की जड पाणी उकळलं की त्यातला चुना खाली बसतो आणि पाणी हलकं होतं. मी म्हटलं, “बाई, माझ्या मायला माहीत आहे ते.” बाईंना ते उद्धटपणाचं वाटलं असावं, पण खरंच होतं ते.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. संध्याकाळच्या भाकऱ्या झाल्या की चुलीत जो विस्तव उरायचा तो वाया जाऊ द्यायचा नाही, त्यातच दोन लाकडं सारून डाळीचं पाणी खळखळून उकळायचं, झाकायचं, आणि सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सकाळी वरचं पाणी डाळीला आणि चहाला, खालचं गढूळ पाणी भांडी विसळायला. वरण सुधारलं तशी महानंदा दोनदा वाढून घ्यायला लागली, पण तोंडानं कबूल करणार नाही. म्हणायची, “आज भूक लागलीय म्हणून, न्हाईतर काय.” मायनं पोरींना केसांसाठी रिठे भिजवून द्यायला सुरुवात केली, रिठ्याला जड पाण्याचं काही वाटत नाही. मायचा चेहरा तेव्हा पुन्हा गावातल्यासारखा दिसायला लागला होता.

पण उकळलं की खार कुठंतरी बसणारच. तो पातेल्याला बसायचा. त्यालाही मायकडं उपाय होता. आमटीला चिंच कोळली की चोथा फेकायचा नाही, लिंबाची सालं फेकायची नाहीत, सगळं एका गाडग्यात साठवायचं. आठवड्यातून एकदा ते पातेल्यात घालून कोमट पाणी ओतायचं आणि विसरून जायचं. कान लावला तर आतून बारीक सूं सूं आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी थर मऊ पडलेला असायचा, नारळाच्या शेंडीनं पुसला की निघाला. माय म्हणायची, “त्याला घाई न्हाई चालत. त्यो जसा बसला तसाच उठतो, हळू.” माझी सून आता दुकानातून ॲसिडची बाटली आणते. न्हाणीघरात ओतते, सगळ्या घराला ठसका लागतो, फरशीचा रंग जातो, आणि ते पाणी गटारातून कुणाच्या विहिरीत जातं देव जाणे. मी नळाला लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवते तेव्हा ती म्हणते, “आई, ह्याला रात्र जाते, बाटलीला दोन मिनिटं लागतात.” मी तिला काही बोलत नाही, कारण घाईचं बोलायचा हक्क मी नववीतच गमावला.

झालं ते असं. तीन महिने भरायला आठ दिवस उरले होते. संस्थेची माणसं येऊन स्वयंपाकघर बघणार होती. त्याच रविवारी मुदखेडहून निरोप आला की आजी, मायची आई, पडली आहे, आणि मायला जावं लागलं. संध्याकाळपर्यंत येते म्हणाली. भाकऱ्या करणाऱ्या दोघी बायका होत्याच, मला फक्त कढी करायची होती. जाताना ती मला म्हणाली, “मोठ्या पितळी पातेल्याला आतून खार धरलाय. त्यात चिंचेचं पाणी घालून ठेव, मी आल्यावर बघते. कढी जर्मनच्या पातेल्यात कर.” अगदी सरळ काम होतं. पण मला त्या दिवशी शहाणपण सुचलं. वाटलं, माय येईपर्यंत ते पातेलं असं लख्ख करून ठेवू की संस्थेच्या माणसांनी त्यात तोंड बघावं. चिंच लावली, पण भिजायला ठेवली नाही. विटकरीचा भुगा घेतला, खापराचा तुकडा घेतला आणि दोन तास, अगदी पाय रोवून, घासघास घासलं. आधी पांढरा खार निघाला. मग त्याच्याखालचा करडा थरही निघाला, मला वाटलं तोही खारच. खाली पिवळंधमक सोन्यासारखं पितळ निघालं. मी इतकी खूश झाले की कढीही त्याच पातेल्यात केली. दुपारी करून ठेवली, आंबट ताकाची, आणि ती संध्याकाळपर्यंत त्यात राहिली.

तो करडा थर कल्हईचा होता. हे आता माझ्या नातवंडांना सांगावं लागतं, पण तेव्हा पितळेच्या प्रत्येक भांड्याला आतून कथलाचा मुलामा असायचा, कारण उघड्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं आणि खाणाऱ्याला बाधतं. घरोघरी पोरींना हे माहीत असायचं. मलाही माहीत होतं. फक्त आपण जे खरवडतोय ती कल्हई आहे, एवढंच त्या दोन तासांत माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी पोरी जेवल्या. महानंदा म्हणाली, “कढीला आज कसला वास येतोय गं? पैसा चोखल्यावानी लागायलाय.” तरी ती दोन वाट्या प्याली, कारण तिला कढी आवडायची. तासाभरात तिला पहिली उलटी झाली. मग दुसरीला, तिसरीला, मग मोजायचं सोडून दिलं. डॉक्टर आले. अंगणात दिवे, बादल्या, रडारड, आणि त्या सगळ्यात फाटक उघडून माय आत आली, हातात आजीनं दिलेली शेंगांची पिशवी. तिनं कुणालाही काही विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, पातेल्यात वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. रेक्टरबाई मागं उभ्या होत्या. माय वळली आणि म्हणाली, “बाई, माझी चूक हाय. जायच्या आधी मीच घासलं ते. कल्हई निघाल्याचं ध्यानात न्हाई आलं.” रेक्टरबाई थंड आवाजात म्हणाल्या, “पोरींचे आईबाप मला विचारतील. मी काय सांगू? तुम्ही सामान आवरायला घ्या.” मी तिथंच उभी होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ती शरम मला आज साठी उलटल्यावरही जशीच्या तशी आठवते, आणि लिहिताना कान गरम होतात.

सकाळपर्यंत सगळ्या पोरी सावरल्या, देवाची कृपा. माय ट्रंकेत कपडे भरत होती. ती मला एका शब्दानं बोलली नाही, तेच सहन होईना. मी उठले आणि रेक्टरबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, “बाई, पातेलं मी घासलं. कढी मी केली. मायनं मला नको म्हणून सांगितलं होतं.” एवढं म्हणून मी हमसून हमसून रडायला लागले. रेक्टरबाईंनी रडू दिलं. मग विचारलं, “काल का नाही बोललीस?” मी म्हटलं, “भ्याले.” तेवढ्यात माय मागून धावत आली आणि माझ्या पाठीत धपका घातला. “तुला कुणी सांगितलं शाणपण करायला? लेकरू हाय बाई, तिचं ऐकू नका.” रेक्टरबाईंनी हात वर केला. त्या कडक होत्या, पण बेइमान नव्हत्या. म्हणाल्या, “मला ऐकू द्या. पण पारूबाई, मी ऐकून काय होतं? तुमच्या हातचं खायचं की नाही हे पोरींनी ठरवायचं. आधी कल्हई करून आणा. आज संध्याकाळी तेच पातेलं, तीच कढी. तुम्ही पोरींच्या समोर आधी जेवायचं. त्या बसल्या तर तुम्ही राहाल. नाही बसल्या तर मला इलाज नाही.”

बाजारातल्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत रशीदचाचांचं कल्हईचं दुकान होतं. माय आणि मी पातेलं दोन्हीकडून धरून घेऊन गेलो. चाचांनी आत बघितलं आणि कपाळावर हात मारला. “या अल्ला! कौन घासा ये? ईट लगाया?” मायनं माझ्याकडं बोट दाखवलं, एवढा राग तिला काढायचाच होता. चाचा मला म्हणाले, “बेटी, कल्हई म्हंजे भांड्याची चमडी. मैल काढायचा का चमडी सोलायची? खार हाय ना, त्याला चिंचेत झोपवायचं. त्यो आपसे आप उठतो.” मायनं लगेच, “मी तरी काय सांगते हिला,” असं म्हणून घेतलं. भाता फुंकला, पातेलं तापलं, नवसागराचा पांढरा धूर नाकात गेला, कापसाच्या बोळ्यानं चाचांनी कथील असं फिरवलं की बघता बघता पिवळं पातेलं आतून चांदीचं झालं. उठताना ते म्हणाले, “आता कढी कर बेफिकीर. पण ईट माझ्याकडं ठेवून जा.” त्या दोन दिवसांत माय पहिल्यांदा हसली ती तिथं.

संध्याकाळी कढी झाली. पोरी जेवायच्या खोलीत आल्या, पण बसल्या नाहीत, भिंतीला लागून उभ्या राहिल्या. रेक्टरबाईंनी मला पुढं बोलावलं आणि मी चाळीस जणींसमोर सांगितलं, काय केलं, कसं केलं, माय घरी नव्हती ते, आणि रात्री मी भिऊन गप्प बसले तेही. मग मधोमध एकच ताट मांडलं आणि माय त्याच्यापुढं बसली. मी तिला वाढलं. मायनं जन्मात कधी दुसऱ्यांच्या आधी घास घेतला नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर खरवड खाणारी बाई ती. आता चाळीस पोरी, रेक्टरबाई, दारातून डोकावणाऱ्या भाकरीवाल्या बायका, सगळे तिच्या हाताकडं बघत होते, ती मरते का जगते ते बघायला. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, कढीत बुडवला, आणि हात तसाच थांबला. डोळ्यांतून पाणी ताटात पडायला लागलं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता पातेलं उचलावं, बाहेर ओतावं आणि मायला घेऊन निघून जावं.

भिंतीजवळून महानंदा निघाली. चेहरा अजून पांढराफटक होता. तिनं कोपऱ्यातलं आपलं ताट उचललं, मायच्या शेजारी येऊन फतकल मारली आणि मोठ्यानं म्हणाली, “अव्वा! एकटीला काय जेवाया बसवलंय? असं कुणी जेवतंय व्हय?” मग माझ्याकडं वाटी केली. “वाढ.” मी डाव बुडवला. डोळे मायच्या ताटावरच होते, म्हणून अर्धी कढी महानंदाच्या परकरावर सांडली आणि अर्धीच वाटीत पडली. तिनं वाटी खाली घेतली नाही. “आं? अर्धीच? काल तर दोन दिल्यास की. भर!”

मी भरली. तिनं ती तोंडाला लावली, घटाघटा प्यायली आणि ओठ पुसले. मग एकेक ताट वाजत खाली आलं, आधी निलंग्याच्या पोरी, मग अहमदपूरच्या, मग बाकीच्या, आणि मला वाढायला दोन हात पुरेनात. माय जेवायला लागली होती, मान खाली घालून, भराभर, रडत आणि जेवत. शेवटी रेक्टरबाईंनी स्वतःचं ताट आणवलं आणि पोरींच्याच रांगेत बसल्या. अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी मायकडं न बघताच विचारलं, “पारूबाई, उद्या वरण कशाचं करणार?”

मायनं पदरानं तोंड पुसलं. “तुरीचं,” ती म्हणाली, “पाणी आत्ताच उकळाया ठेवते.”